मोठ्या कन्सल्टिंग फर्ममधली नोकरी आणि तिथलं वातावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कन्सल्टिंगमध्ये आहे, आधी एका मोठ्या फर्ममध्ये होते, आता दुसऱ्या एका मोठ्या फर्ममध्ये मॅनेजर आहे, नावं सांगणार नाही कारण नोकरी प्यारी आहे. कॉलेजच्या ज्युनिअर पोरापोरींचे, नातेवाइकांच्या मुलांचे, मुलांच्या आईबापांचे सुद्धा तेच ते प्रश्न येत राहतात म्हणून एकदाच बसून लिहितेय. इथे कन्सल्टिंग, म्हणजे फी घेऊन दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्म, मुख्यतः डिलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी हे बिग फोर आणि अ‍ॅक्सेंचरसारख्या अवाढव्य कंपन्या. मॅकिन्झी, बीसीजी, बेन या स्ट्रॅटेजीवाल्या कन्सल्टिंग फर्म्सचा उल्लेख येईल पण तिथे मी काम केलेलं नाही.

ताई, एका वाक्यात सांग, लोक खूश असतात का?

ज्याला मॅनेजर चांगला मिळाला तो खूश आहे आणि ज्याला नाही मिळाला तो नोकरी डॉट कॉमवर आहे.

आता जरा सविस्तर. बाहेरून बघताना लोगो दिसतो, काचेची बिल्डिंग दिसते, पण आत गेल्यावर रोजचा संबंध येतो तो पाच-सात माणसांशी, म्हणजे तुमचा मॅनेजर, त्याच्या वरचा डायरेक्टर किंवा पार्टनर, दोन-तीन बरोबरीचे आणि समोरचा क्लायंट. या पाच-सात जणांत जे चालतं तेच तुमचं कल्चर. एकाच मजल्यावर, एकाच कॉफी मशीनच्या अल्याड-पल्याड दोन टीम बसतात, एक टीम साडेसातला बॅगा उचलते आणि दुसऱ्या टीमचं जेवण रोज रात्री स्विगीवरून येतं, दोघांचं ऑफर लेटर सेम, एचआर सेम, टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सभेत, ऐकलेलं भाषण पण सेम. गॅलपवाले कधीपासून सांगतायत की टीमाटीमांत एंगेजमेंटचा, म्हणजे लोकांचं कामात किती मन आहे याचा, जो फरक दिसतो त्यातला किमान ७० टक्के मॅनेजरमुळे पडतो. आणि आपल्याकडे तर मॅनेजर प्रोजेक्टगणिक बदलतो, त्यामुळे तोच माणूस मार्चमध्ये रडवेला आणि सप्टेंबरमध्ये एकदम मजेत, असं मी कितीतरी जणांचं बघितलंय. त्यामुळे "अमुक फर्म कशी आहे गं?" असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, कुठली प्रॅक्टिस, म्हणजे कुठल्या कामाचा विभाग, कुठलं ऑफिस, कुणाच्या हाताखाली?

एवढी मोठी फर्म, मग सगळीकडे एकसारखं का नसतं?

कारण ती एक फर्म नाहीच. बिग फोरचं बघा, प्रत्येक देशातली फर्म कायद्याने वेगळी, नाव आणि नियम तेवढे सामायिक. आत पुन्हा पार्टनर हे मालक असतात, प्रत्येक पार्टनरचे स्वतःचे क्लायंट, स्वतःचं टार्गेट, स्वतःची माणसं. वरून कितीही पॉलिसी आली तरी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला "सोमवारी सकाळी डेक (म्हणजे स्लाइड्स) हवाय" असं म्हणायचं की नाही हे तो पार्टनर ठरवतो, पॉलिसी नाही.

दुसरी गोष्ट फ्रेशर लोकांना कुणी सांगतच नाही. भारतात या फर्म्सची दोन वेगवेगळी दुकानं असतात. एक इंडिया फर्म, जी इथल्याच बँका, कारखाने, सरकारी खाती यांच्यासाठी काम करते. दुसरी डिलिव्हरी सेंटरं, म्हणजे डिलॉइट यूएसआय, ईवाय जीडीएस, केपीएमजी ग्लोबल सर्व्हिसेस, पीडब्ल्यूसीची अ‍ॅक्सेलरेशन सेंटर, जी अमेरिका-युरोपातल्या टीमसाठी काम करतात. इंडिया फर्ममध्ये क्लायंटसमोर लवकर उभं राहता येतं, फिरायला मिळतं, पण फी कमी म्हणून टीम बारकी आणि कामाचा ढीग. डिलिव्हरी सेंटरमध्ये प्रोसेस नीट, कॅब आहे, कॅन्टीन आहे, पण क्लायंटचं तोंडही कधी दिसत नाही आणि रात्री साडेनऊला न्यूयॉर्कचा कॉल ठरलेला. ऑफर लेटरवर कंपनीचं पूर्ण नाव वाचा, लोगो बघून पेढे वाटू नका.

पण लिंक्डइनवर तर सगळ्यांकडे "बेस्ट वर्कप्लेस"चे बॅज असतात?

असतात. ग्रेट प्लेस टू वर्कचं सर्टिफिकेशन कंपनी स्वतः पैसे भरून करून घेते. सर्व्हे खरा असतो, कर्मचाऱ्यांनाच विचारतात, त्यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही, पण बॅज म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला फोटो, माणूस तोच असतो फक्त दिवस निवडलेला असतो. सर्व्हेच्या आधी महिनाभर पिझ्झा पार्ट्या वाढतात, लीडरशिप अचानक मजल्यावर फिरायला लागते, हे कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला विचारा.

ग्लासडोअर या कर्मचाऱ्यांच्या रिव्ह्यूंच्या साइटच्या अमेरिकेतल्या चांगल्या कंपन्यांच्या यादीत बेन २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं पहिली आली. बेनमध्ये काम हलकं असतं असा याचा अर्थ कुणी काढू नये, तिथले लोक पण रात्री जागतात. फक्त तिथे टीममध्ये एकमेकांना सांभाळून घ्यायचं हे जाणूनबुजून जपतात असं त्यांच्याकडून आलेले लोक सांगतात, आणि पगारही तसा आहे.

अ‍ॅम्बिशनबॉक्स, म्हणजे तशीच आपल्याकडची साइट, वाचायचं तर एकूण स्टार बघू नका, हजारो रिव्ह्यूंची सरासरी काढली की सगळ्याच मोठ्या कंपन्या साडेतीन ते चारच्या आसपास येतात, त्यातून काही कळत नाही. तुमचं शहर, तुमचा डिपार्टमेंट, तुमची लेव्हल असा फिल्टर लावा आणि मधले, म्हणजे तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. पाचवाल्याला एचआरने लिहायला सांगितलेलं असू शकतं, एकवाल्याला नुकतं खराब रेटिंग मिळालेलं असू शकतं, तीनवाला बहुधा शांत डोक्याने लिहितो.

आत जे पल्स सर्व्हे, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीचे छोटे सर्व्हे, येतात ते खरंच अ‍ॅनॉनिमस असतात का?

बऱ्यापैकी असतात. सहसा ठरावीक संख्येपेक्षा लहान टीमचा रिपोर्ट वेगळा काढून मॅनेजरला देत नाहीत, म्हणजे आकड्यांवरून तुम्ही सापडत नाही. सापडता ते कमेंट बॉक्समध्ये. "दिवाळीच्या दिवशी क्लायंट कॉल घ्यायला लावला" असं लिहिलं की टीममध्ये तो कॉल घेतलेली माणसं दोन, मग काय ते कळतंच. लिहायचंच असेल तर घटना न लिहिता पद्धत लिहा, "सणाच्या दिवशी कॉल ठेवले जातात, आधी विचारत नाहीत" असं.

त्यात एक प्रश्न हमखास असतो, "ही फर्म मित्राला सुचवाल का, शून्य ते दहा." नऊ-दहा देणारे जमेत, शून्य ते सहा देणारे वजा, सात-आठ मोजतच नाहीत. आपल्याकडे सात म्हणजे फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शनला पाचच मार्क कमी, त्यामुळे बरं चाललंय म्हणून सहा-सात देणारे आपले लोक या हिशेबात एकतर नाराज धरले जातात नाहीतर गायब होतात. गंमत म्हणजे ही पद्धत मुळात ग्राहकांसाठी होती, २००३ मध्ये बेनच्याच फ्रेड राइकहेल्ड यांनी मांडली, नंतर ती कर्मचाऱ्यांवर लावली गेली. कन्सल्टंटनी काढलेलं औषध कन्सल्टंटच पितात.

यूटिलायझेशन आणि बेंच हे काय प्रकरण आहे?

हे कळलं की निम्मं वातावरण कळलं. तुमच्या आठवड्याचे तास ४० धरा. त्यातले ३२ तास तुम्ही अशा कामावर घातले ज्याचं बिल क्लायंटला लागतं, तर तुमचं यूटिलायझेशन ८० टक्के. ट्रेनिंग, प्रपोजल लिहिणं, नव्या पोरांचे इंटरव्ह्यू घेणं, पार्टनरच्या भाषणाची स्लाइड बनवणं, गणपतीची सजावट, हे सगळं फर्मला हवंच असतं पण यूटिलायझेशनमध्ये धरत नाहीत. मग होतं असं की दिवसभर चार्जेबल, म्हणजे बिल लागणारं काम आणि रात्री बाकीचं, आणि दोन्ही नाही केलं तर रेटिंगला मार. लोक थकतात ते बहुतेकदा या दुसऱ्या शिफ्टमुळे, क्लायंटच्या कामामुळे तितके नाही.

बेंच म्हणजे प्रोजेक्ट संपलाय आणि पुढचा नाही. पहिला आठवडा मस्त जातो, सिनेमे बघून होतात, बँकेची कामं होतात. दुसऱ्या आठवड्यात कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते बघणाऱ्या स्टाफिंगवाल्यांचा मेल येतो, "तुमची अव्हेलेबिलिटी कळवा." तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणूस स्वतःच मॅनेजर लोकांना पिंग करत सुटतो, काही काम असेल तर सांगा हो म्हणून. पगार चालू असतो पण झोप लागत नाही, कारण मंदी आली की पहिली नजर इकडेच जाते. मार्च २०२३ मध्ये अ‍ॅक्सेंचरने जगभरात १९,००० जागा कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा बेंचवरच्या लोकांनी काय दिवस काढले असतील ते मी सांगायला नको. बेंचवर असाल तर सर्टिफिकेशन करा, ओळखीच्या मॅनेजरच्या प्रपोजलमध्ये शिरा, आणि मुख्य म्हणजे दिसत राहा.

टाइमशीटमध्ये खरे तास लिहायचे का?

नियम म्हणून: हो, खरेच लिहायचे, प्रत्येक फर्मची पॉलिसी तेच सांगते आणि वर्षातून एकदा त्यावर ट्रेनिंग पण होतं.

प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. समजा पार्टनरने काम फिक्स्ड फीवर घेतलं, बजेट बसवलं ४०० तासांचं. स्पर्धा होती म्हणून फी पाडलेली, काम आहे खरं ५५० तासांचं. आता मॅनेजरने सगळे तास दाखवले तर प्रोजेक्टचं मार्जिन पडतं आणि त्याचं स्वतःचं अप्रेझल अडतं. मग शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायच्या वेळी तो ज्युनिअरला लेखी काही सांगत नाही, मायक्रोसॉफ्ट टीम्सवर कॉल करतो आणि म्हणतो, "अरे, या आठवड्यात प्रोजेक्टच्या कोडवर चाळीसच टाक हं, उरलेलं बघू." ते उरलेलं कुणी कधी बघत नाही. ज्युनिअरने साठ तास काम केलेलं असतं, सिस्टिममध्ये चाळीस दिसतात. आमच्यात याला तास खाणं म्हणतात.

नुकसान फक्त त्या वीस तासांचं होत नाही. पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा निघतं तेव्हा पार्टनर सिस्टिममध्ये बघतो, गेल्या वेळी ४०० तासांत झालं होतं, मग यंदा ३८० त करू. वर बसलेल्या लीडरशिपला डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं, कुणीच जास्त काम करत नाहीये असं त्यांना मनापासून वाटतं, आणि टाउनहॉलमध्ये कुणी कामाच्या तासांबद्दल विचारलं की ते तो डॅशबोर्ड दाखवतात. खोटं बोलत नसतात बिचारे, त्यांच्यापर्यंत पोचलेला आकडाच तसा असतो. मोठ्या फर्म्समधल्या थकव्याचं मूळ शोधायला एचआर योगा सेशन लावतं, मला विचाराल तर त्यांनी शुक्रवारची टाइमशीट तपासावी.

मी माझ्या टीमला खरे तास टाकायला लावते आणि बजेट ओव्हर गेलं की पार्टनरकडे जाऊन बसते. दर वेळी कटकट होते. पण एकदा आकडा लिहिलेला असला की निदान पुढची फी ठरवताना भांडायला कागद हातात असतो. तुम्ही ज्युनिअर असाल आणि मॅनेजर कमी टाक म्हणत असेल तर निदान स्वतःच्या वहीत खरे तास लिहून ठेवा, अप्रेझलला आणि कामाचा बोजा जास्त आहे हे सांगताना उपयोगी पडतात.

कायद्याने किती तास काम करून घेता येतं? ७० तास, ९० तास हे काय चाललंय?

२०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या चेअरमनचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, त्यावर मीम झाले, चर्चा झाल्या, संपलं. कायद्याचं बघू. महाराष्ट्रात आपल्याला लागू होतो तो २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा, साध्या भाषेत शॉप अ‍ॅक्ट. त्यात २०२५ पर्यंत दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, त्यावर काम केलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम आणि तोही तीन महिन्यांत १२५ तासांपर्यंतच, असं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास आणि ओव्हरटाइमची १४४ तास करायला मंजुरी दिली, आणि नंतर ते अध्यादेशाने लागूही झालं.

मग आम्हाला ओव्हरटाइम का मिळत नाही? कारण त्याच कायद्यात मॅनेजर, सुपरवायझर आणि गोपनीय स्वरूपाचं काम करणारे लोक वगळलेत. कन्सल्टिंगमध्ये पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं पदनामच असं भारदस्त असतं की कायद्याच्या बाहेर आहोत असं सगळे गृहीतच धरतात. खरं तर बावीस वर्षांची अ‍ॅनालिस्ट, जी दिवसभर एक्सेलमध्ये आकडे जुळवते, ती कुणाची सुपरवायझर? पण हा प्रश्न घेऊन कोर्टात जाणारं आमच्यात कुणी नाही, युनियन नाही, आणि पुढच्या नोकरीच्या रेफरन्सची भीती सगळ्यांनाच.

२०२४ मध्ये पुण्यात एका बड्या फर्ममध्ये जेमतेम चार महिने काम केलेली तरुण सीए मुलगी वारली. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने फर्मच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये सगळीकडे फिरलं. ताणामुळे हे झालं हे फर्मने मान्य केलं नाही, केंद्राने चौकशी करू म्हटलं, आणि राज्याच्या कामगार विभागाचे लोक त्या ऑफिसमध्ये गेले तेव्हा तिथे शॉप अ‍ॅक्टची नोंदणीच नसल्याचं निघालं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे "वीकेंडला मेल नको" वगैरे मेल आले, त्यातला एक रविवारी आला होता.

सगळेच खरोखर एवढे तास काम करतात का, की दाखवतात?

दोन्ही. एरिन रीड नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममधल्या शंभराहून जास्त लोकांशी बोलून २०१५ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात निघालं असं की बरेच पुरुष गुपचूप कमी काम करत होते, जवळचे क्लायंट धरायचे, घरून कॉल घ्यायचे, आपसात एकमेकांना सांभाळायचे, मुलाच्या मॅचला जाऊन यायचे आणि कुणाला सांगायचेच नाहीत. वरच्यांना ते जीव तोडून काम करणारेच वाटायचे, रेटिंग पण चांगली. ज्यांनी रीतसर अर्ज करून तास कमी मागितले, त्यात बायका जास्त, त्यांना मात्र फटका बसला. म्हणजे कमी काम केल्याची शिक्षा नव्हती, विचारल्याची होती! वाचून मला नवल वाटलं नाही.

याच्या उलटचं उदाहरण बीसीजीच्या बोस्टन ऑफिसचं. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी तिथे प्रयोग केला की टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ आधी ठरवून पूर्ण सुट्टी, मेल नाही, फोन नाही. सुरुवातीला कन्सल्टंटच नको म्हणत होते, क्लायंट काय म्हणेल, माझं रेटिंग जाईल. पण एकाची सुट्टी सांभाळायची तर बाकीच्यांना त्याचं काम माहीत असायला लागतं, त्यासाठी दर आठवड्याला टीमला एकत्र बसून बोलायला लागतं, आणि त्या बोलण्यातच निम्मा फालतूपणा बाहेर पडला. लोक जास्त समाधानी झाले, कामही सुधारलं, पुढे बीसीजीने ते इतर ऑफिसांत नेलं. मी माझ्या टीममध्ये याचं देशी रूप चालवते, प्रत्येकाची एक संध्याकाळ, एकाची क्लासची, एकीची आईला डॉक्टरकडे न्यायची, आणि ती शेअर्ड कॅलेंडरवर सगळ्यांना दिसते. क्लायंटला आजवर कळलेलं पण नाही.

अप्रेझल कसं होतं? चांगलं काम करून पण रेटिंग कमी का येतं?

कारण रेटिंग देणारे बहुतेक लोक तुमच्याबरोबर काम केलेले नसतात. एक खोली असते किंवा एक लांबलचक कॉल, त्याला राउंडटेबल म्हणतात, त्यात एका लेव्हलची सगळी माणसं एकापाठोपाठ एक स्क्रीनवर येतात. तुमच्या वाट्याला दोन-चार मिनिटं. तुमचा काउन्सेलर किंवा काही ठिकाणी म्हणतात तसा करिअर कोच, म्हणजे फर्मने तुमच्यासाठी नेमलेला सीनिअर, तुमच्या बाजूने बोलतो. तो तयारी करून आला असेल, त्याच्याकडे "क्लायंटच्या सीएफओने हिचं नाव घेऊन मेल पाठवला" असं एखादं ठोस वाक्य असेल तर तुम्ही तरता. "चांगली आहे, मेहनती आहे" म्हणाला की गेलं, मेहनती सगळेच असतात. मग कुणीतरी म्हणतं वरच्या बकेटमध्ये जागा संपल्यात, आणि बेल कर्व, म्हणजे वरचं रेटिंग ठरावीक लोकांनाच द्यायची पद्धत, नाही असं कितीही सांगितलं तरी बजेट ठरलेलं असल्यामुळे तो मागच्या दाराने येतोच.

डिलॉइटने २०१५ मध्ये स्वतःच हिशेब मांडला होता की रेटिंगचे फॉर्म, मीटिंग वगैरेत वर्षाला जवळपास २० लाख तास जातात. मग त्यांनी प्रोजेक्ट संपल्यावर टीम लीडरला चारच गोष्टी विचारायचं ठरवलं, त्यातली एक अशी की माझे स्वतःचे पैसे असते तर या माणसाला मी जास्तीत जास्त वाढ दिली असती का. मला हा प्रश्न आवडतो, कारण यात लपायला जागा नाही. अ‍ॅक्सेंचरनेही त्याच वर्षी वार्षिक रिव्ह्यू बंद करतोय म्हणून जाहीर केलं. पण फॉर्म गेला तरी हाईक वर्षातून एकदाच ठरते, तेव्हा कुठेतरी रांग लागतेच.

तुम्ही करायचं काय: राउंडटेबलच्या आधी काउन्सेलरला स्वतः पाच ओळी लिहून द्या, आकड्यांसकट. लाजू नका. आपल्याकडच्या मुलांना स्वतःचं कौतुक लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, "आम्ही केलं", "टीमने केलं" असं लिहितात, आणि शेजारचा बिनधास्त "मी लीड केलं" लिहून प्रमोशन घेऊन जातो.

मुलींसाठी कसं आहे?

भरतीत मुली भरपूर, पार्टनरमध्ये कमी, मधे कुठे जातात ते सगळ्यांना माहितीये. बाळंतपणाची रजा कायद्याने २६ आठवडे, पहिल्या दोन मुलांसाठी, ती सगळ्याच मोठ्या फर्म नीट देतात, काही ठिकाणी त्यापेक्षा जास्तही. अडचण परतल्यावर येते. तुमचा क्लायंट दुसऱ्याकडे गेलेला असतो, अर्धं वर्ष नसल्यामुळे राउंडटेबलमध्ये बोलायला कुणाकडे काही नसतं. रजेवर जायच्या आधी पार्टनरकडून लेखी घ्या की परतल्यावर कुठल्या कामावर येणार आणि त्या वर्षाचं रेटिंग कसं ठरणार. तोंडी "तू काळजी करू नकोस गं" वर राहू नका.

लैंगिक छळाची तक्रार करायची तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ऑफिसमध्ये अंतर्गत समिती असते, प्रमुख बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक बाहेरची व्यक्ती. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायचं, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. क्लायंटच्या ऑफिसमध्ये किंवा टूरवर घडलं तरी चालतं, ते पण कामाचं ठिकाणच धरतात. हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

मी मराठी मीडियमचा, साध्या कॉलेजचा. टिकेन का?

टिकशील. पहिलं वर्ष कॉलवर बोलताना जीभ अडखळते, बाकी काही नाही. आमच्याकडे इचलकरंजी, लातूर, चाळीसगावची पोरं आहेत आणि एक्सेलमध्ये आकड्यांचं मॉडेल बनवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. अडतं ते लंचच्या गप्पांत, सगळे कुठल्या आयआयएमचे ते निघतं तेव्हा. त्यावर उपाय म्हणजे वेळ. मेल मात्र छोटे आणि स्वच्छ लिहायला शिक, इंग्रजी झाडायची गरज नाही.

शेअर मार्केट करता येतं का?

लेव्हल आणि टीमप्रमाणे बंधनं असतात. फर्म ज्यांचं ऑडिट करते त्या कंपन्यांचे शेअर्स ठेवता येत नाहीत, आणि हे बऱ्याचदा नवरा-बायकोलाही लागू होतं. जॉइन होताना डिक्लेरेशन नीट भरा. हे नियम पाळले जातायत का ते बघणाऱ्या इंडिपेंडन्सवाल्यांचा मेल आला की कितीही मोठा पार्टनर असो, धावत उत्तर देतो.

मॅनेजरच वाईट निघाला तर काय करायचं?

आधी वाईट कुठल्या प्रकारचा ते बघा. कामात काटेकोर, डेकमधल्या फुलस्टॉपवरून डोकं खाणारा, असा असेल तर सहा महिने सोसा, त्याच्याकडून शिकाल तेवढं कुणाकडून शिकणार नाही. सगळ्यांसमोर पाणउतारा करणारा, रात्री दीडला कामं टाकून सकाळी आठला "झालं का" विचारणारा, तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवणारा असेल तर प्रोजेक्ट बदला. कन्सल्टिंगचा हा मोठा फायदा आहे, नोकरी न सोडता साहेब बदलता येतो. पद्धत अशी की आधी दुसऱ्या मॅनेजरकडे जागा शोधायची, त्याने तुम्हाला मागायचं, मग स्टाफिंगला कळवायचं, आणि सध्याच्याला सांगायचं कारण "मला या सेक्टरमध्ये काम करायचंय" एवढंच. काउन्सेलरला खरं सांगा. एचआरकडे सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा तारखा, मेल, स्क्रीनशॉट घेऊन जा, भावना घेऊन जाऊ नका. पैशाची अफरातफर, टाइमशीट बदलायला लावणं, शिवीगाळ असलं काही असेल तर एथिक्स हेल्पलाइन असते, तिथे नाव न देता पण तक्रार करता येते.

तब्येत बिघडायला लागली असेल, झोप उडाली असेल, रविवारी दुपारपासून पोटात गोळा येत असेल तर यातलं काहीही न करता आधी सुट्टी घ्या आणि डॉक्टरकडे जा. फर्मकडून फोनवर मानसिक आरोग्याच्या काउन्सेलिंगची सोय असते, फुकट असते, आणि ती बाहेरची एजन्सी चालवते, तुमच्या मॅनेजरला कळत नाही.

इंटरव्ह्यूमध्ये मी काय विचारू, म्हणजे आतलं वातावरण कळेल?

"तुमचं कल्चर कसं आहे" विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येतं. हे विचारा: या टीममधून गेल्या वर्षभरात किती लोक गेले आणि कुठे गेले? गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः किती वाजता लॅपटॉप बंद केला? मी कुठल्या मॅनेजरकडे काम करणार, त्याच्याशी दहा मिनिटं बोलता येईल का? बेंचवर गेलो तर किती दिवस चालतं? उत्तर देताना समोरचा हसला आणि म्हणाला "इट डिपेंड्स", तर काय समजायचं ते समजा. आणि लिंक्डइनवर त्या टीममधून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला मेसेज टाका, आत असलेल्याला नको. बाहेर पडलेले लोक मोकळेपणाने बोलतात, कधी कधी थांबतच नाहीत.

नोटीस पिरियड ९० दिवस कशाला? आणि सोडून गेलं तर परत घेतात का?

कशाला, तर बदली माणूस मिळेपर्यंत प्रोजेक्ट चालावा म्हणून. वाटाघाटी होते, साठवर आणता येतं, रजा अ‍ॅडजस्ट होतात, बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटीसचे पैसे, नव्या कंपनीकडून मिळतो का बघा. शेवटच्या महिन्यात हॅंडओव्हर नीट करा, क्लायंटला निरोपाचा मेल पार्टनरला विचारूनच पाठवा.

आणि परत घेतात, आनंदाने घेतात, मोठ्या फर्म्सचं तर अ‍ॅल्युम्नाय नेटवर्कच असतं कारण आज गेलेला माणूस उद्या क्लायंट म्हणून समोर बसतो. परत येणारे बहुधा एक लेव्हल वर आणि बऱ्या पगारावर येतात, यावर जे राहिले ते चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे. फक्त जाताना एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये कुणाचं नाव घेऊन जे काय बोलाल ते फाइलला राहतं, आणि परत येताना ती फाइल उघडली जाते.